डाव्या चाकाचे पॅड

वर्देकाका गाडीत बसण्याआधी चारही चाकांना बुटाचं टोक लावून बघत. चहाचा शेवटचा घोट कपात ठेवत आणि त्यावरून प्रभाकाकूंची रोज बोलणी खात. भाजीवाल्याशी हिंदीत भांडत, पण लिंबं मराठीत मोजून घेत. मेट्रोत जागा मिळाली तरी दाराशी उभे राहत आणि गाडी स्टेशनात थांबायला लागली की डोळे मिटून घेत. कुणी काम सांगितलं की 'बघतो' म्हणत नसत. 'झालं समजा' म्हणत.

आणि त्यांचे कान. सकाळी बाल्कनीत पेपर वाचताना खाली गेटपाशी एखादी गाडी थांबली की मान वर न करता ते सांगत, "चंद्रप्रभाबाई आल्या." किंवा, "दत्तात्रय. हा एक दिवस क्लच जाळणार."

नीलाला या सवयी पाठ होत्या. मयूर विहारच्या त्या सोसायटीत ती काकांच्या खालच्या मजल्यावर राहत होती, आईबरोबर. आई, लताबाई, एका मंत्रालयात नोकरीला. वडील नीला कॉलेजात असताना गेले. मागे त्यांची वॅगनआर राहिली. चालवणारं कुणी नव्हतं. गाडी धूळ खात उभी राहिली आणि तिच्या काचेवर कुणीतरी बोटानं हिंदीत नाव लिहून ठेवलं. ते काकांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दार वाजवलं. "चावी आण. आज शिकायचं."

शिकवताना ते ओरडत नसत. ब्रेक पायानं नाही, डोळ्यानं मारायचा, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत. लांबूनच बघायचं, लांबूनच ठरवायचं, पाय शेवटी. ती एम. ए. झाली साहित्यात. लिहिताना वाक्य कुठे थांबवायचं ते आपण काकांकडून शिकलो, असं ती मैत्रिणींना सांगे. काकांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "वाक्य ठोकलं तर माणूस मरत नाही गं."

भालचंद्र वर्दे दापोलीकडून दिल्लीत आले ते कारकुनाची नोकरी धरून. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये संसार झाला. खात्याच्या परीक्षा देत देत ते वर चढले, अवर सचिव म्हणून निवृत्त झाले आणि या सोसायटीत आले. मुलगी लग्न होऊन ठाण्याला गेली. घरात दोघंच उरली. मग काकांनी सोसायटीतली सगळी मराठी घरं आपली केली. कुणाचा गॅस संपला, कुणाचं पेन्शन अडलं, कुणाची सून रुसली, निरोप आधी वर्द्यांकडे यायचा.

संक्रांतीला ही घरं पानिपतला जात. काला आंबच्या स्मारकापाशी फुलं वाहायची, तिळगूळ वाटायचा, गवतावर बसून गुळपोळ्या खायच्या आणि उजेड असेपर्यंत परतीला लागायचं. ही पद्धत काकांनीच पाडली. त्यांची गाडी पुढे, बाकीच्या मागे. जानेवारीत त्या हमरस्त्यावर धुकं असतं. पुढचा ट्रक दिसतो तेव्हा तो फार जवळ आलेला असतो. म्हणून काकांचा नियम होता, पानिपतच्या आधी ब्रेक. डिसेंबरात प्रत्येक गाडी विष्णूकडे गेलीच पाहिजे.

विष्णू शेलार साताऱ्याकडचा. ट्रकवर क्लीनर म्हणून दिल्लीत आला आणि इथेच राहिला. काकांना तो गणपतीत भेटला, आरतीच्या गर्दीत अगदी मागे, ग्रीसचे हात पाठीशी लपवून उभा. काकांनी त्याला पुढे ओढलं, हातात निरांजन दिलं. नंतर पटपडगंजच्या रस्त्याला गॅरेजसाठी जागा बघून दिली. मग घरोघर जाऊन सांगितलं, "आपला माणूस आहे. मी सांगतो ना."

दिल्लीत कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गाडी दिली की जो तो एक वाक्य बोलतो. "भैया, पुराना सामान दिखाना." काढलेला भाग हातात घेऊन बघायचा, मगच नवा बसला असं मानायचं. विष्णूला हे वाक्य कुणी बोललं नाही. एकदा दत्तात्रयांनी नुसतं तोंड उघडलं होतं. काका म्हणाले, "मग जेवायला बोलावून त्याच्या पोळ्यापण मोजा."

सगळे हसले. विष्णूही हसला. "मोजा की काका. काकूंच्या हातच्या असल्या तर माझीच मोजायची हिंमत नाही."

तेव्हापासून तो विनोद सोसायटीचा झाला. विष्णू कुठेही जेवायला बसला की कुणीतरी म्हणायचंच, "मोजा रे."

नीलाला ब्रेक पॅड म्हणजे काय ते काकांनी शिकवलं होतं. चाकाच्या आत लोखंडी चकती असते, ती डिस्क. तिला दोन बाजूंनी दोन पॅड चिमटीत धरतात, एक बाहेरून, एक आतून. दर वेळी थोडे थोडे झिजतात. बाहेरचा पॅड चाकाच्या फटीतून दिसतो. आतला दिसत नाही. "पण घाबरायचं नाही," काका म्हणाले होते. "आतल्या पॅडला पत्र्याची एक जीभ असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासते आणि किंचाळते. गाडी स्वतः सांगते. तू फक्त ऐकायचं."

नीला ऐकत असे. रेडिओ बंद ठेवून ऐकत असे. गाडी कधी किंचाळली नाही. मागच्या डिसेंबरात विष्णूनं नवे पॅड घातले होते, किंचाळेल कशाला?

त्या वर्षी गणपतीनंतर काका बदलले. म्हणजे आधी कुणाला ते कळलं नाही. ते मेट्रोनं कश्मीरी गेटच्या पार्ट्सच्या बाजारात जायला लागले. येताना हातात कापडी पिशवी असायची. मग थंडी पडायला लागल्यावर त्यांनी लोकांकडे चाव्या मागायला सुरुवात केली.

"धुक्याच्या आधी ब्रेक बघून ठेवतो," ते म्हणत. "हात हलते राहतात थंडीत."

पार्किंगमध्ये जुनी सतरंजी अंथरून ते बसत. मफलर, कानटोपी आणि ऑफिसच्या काळातला स्वेटर. एकेक गाडी. आधी दत्तात्रयांची, मग चंद्रप्रभाबाईंची, मग पलीकडच्या विंगमधल्यांची. काम झालं की जुने पॅड पिशवीत टाकत आणि पिशवी वर घेऊन जात. कुणी म्हटलं नाही की दाखवा.

चंद्रप्रभाबाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी गेटपाशीच विचारलं, "काय हो वर्दे, विष्णूच्या पोटावर पाय देताय का?"

"त्याच्याकडे काम फार आहे सध्या."

"अच्छा? मग त्यालाच सांगते, वर्द्यांना नोकरीला ठेव म्हणून."

प्रभाकाकू वरून म्हणाल्या, "घेऊन जा हो. निवृत्तीनंतर लोक देवाला लागतात, आमचे हे चाकांना लागलेत."

काका हसले नाहीत. नीलाला ते जाणवलं, पण तिला वाटलं गुडघे दुखत असतील.

"काका, आमची गाडी कधी?"

"होईल. झालं समज."

दिवाळीत ती आईला घेऊन द्वारकेला गेली, मावशीकडे. अख्खी दिल्ली ओलांडून. निघताना काका गेटपाशी उभे होते. त्यांनी खिडकीतून फराळाचा डबा आत दिला आणि गाडीच्या टपावर थाप मारली. "हळू जा." नाताळच्या सुट्टीत ती परत गेली. रिंग रोडवर एक टेम्पो अचानक आडवा आला. गाडी थांबली, पण जरा उशिरा थांबली. आईचा हात डॅशबोर्डवर आपटला. नीलाला वाटलं, चूक आपली. डोळ्यानं ब्रेक मारला नाही. घरी आल्यावर तिनं हे काकांना सांगितलं. काकांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, "लताला लागलं नाही ना?"

त्यानंतरही त्यांनी चावी मागितली ती थेट भोगीच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी पानिपत.

ऊन फिकट पण स्वच्छ होतं. सोसायटीतल्या पंजाबी मंडळींची लोहडीची तयारी चालली होती. पार्किंगच्या टोकाला लाकडं रचत होते. नीला खाली आली तेव्हा काकांचं उजवं चाक करून झालं होतं. पिशवीचं तोंड बांधलेलं होतं.

"अहो, मला बोलवायचं ना! तुम्ही म्हणाला होतात, आमच्या गाडीचं मी करायचं."

"थंडी आहे. तू जा वर. डावं पण झालं समज."

"झालं समज काय? डावं माझं." तिनं स्वेटरच्या बाह्या वर केल्या आणि सतरंजीवर बसली.

काकांनी तिच्याकडे बघितलं. मग पाना तिच्या हातात दिला.

मागच्या चाकाला वीट लावलेली होतीच. नट आधी जमिनीवर असतानाच सैल करायचे, मग जॅक लावायचा. जॅक सरकला तर गाडी अंगावर येऊ नये म्हणून स्टेपनी आडवी करून गाडीखाली सरकवायची. चाक निघालं. डिस्कवर बसलेला तो जड लोखंडी चिमटा, कॅलिपर, त्याचा खालचा बोल्ट काकांनी दाखवला. तिनं पूर्ण जोर लावला. बोल्ट सुटला.

"आता हा वर उचल. नळीवर लोंबकळू द्यायचा नाही, तारेनं बांध. नवे पॅड जाड असतात, म्हणून पॅडला दाबणारा हा पिस्टन आत ढकलावा लागतो. सगळं झालं की गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल दाबत राहायचं, कडक होईपर्यंत. हे विसरलीस तर पहिला ब्रेक लागणारच नाही. आणि एकाच चाकाचे पॅड बदलायचे नाहीत कधी. गाडी एका बाजूला ओढते. दोन्ही, नेहमी."

ते एका दमात बोलले. तिला वाटलं, शिकवतायत. ते तिला बोलू देत नव्हते, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

तिनं बाहेरचा पॅड ओढून काढला. चांगला होता, बोटभर जाड. "हा तर अजून चालला असता," ती म्हणाली. मग आतला काढला.

तो वापरून संपलेल्या साबणाच्या चिपेएवढा उरला होता. एका कोपऱ्यात तर नुसतं लोखंड. तिनं तो उलटा केला. जीभ शोधली. जीभ असते त्या जागी सरळ कापल्याची रेघ होती. करवतीची. रेघेवर गंज चढला होता.

"काका, ही झिजली नाहीये. ही कापलीय कुणीतरी."

काका नव्या पॅडचं खोकं उघडत होते. उघडून त्यांनी ते परत बंद केलं.

"बाहेरचा नवा घातला," ते म्हणाले. "आतला जुनाच ठेवला. एका गाडीच्या सामानात दोन गाड्या होतात तशा. ओरडू नये म्हणून जीभ कापली."

"विष्णूदादांनी?"

काकांनी खोकं विटेशेजारी ठेवलं.

"फक्त आमच्या गाडीत?"

"सगळ्यांच्या. माझ्यासुद्धा." ते थांबले. "माझ्यासुद्धा, नीला."

तिला त्यांच्याबद्दल भरून आलं. ज्याच्या हातात निरांजन दिलं, त्यानं हे करावं. ती त्यांच्या खांद्यावर हात ठेवणार होती. तेवढ्यात तिला पिशवी दिसली. तोंड बांधलेली. दत्तात्रयांची गाडी, चंद्रप्रभाबाईंची गाडी, कश्मीरी गेट, कानटोपी. हात हलते राहतात थंडीत.

"तुम्हाला कधी कळलं हे?"

"गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. माझ्या गाडीचं चाक उघडलं होतं मी, सहज."

"मी दिवाळीत द्वारकेला गेले. आईला घेऊन."

"हो. हळू जा म्हटलं होतं मी."

"ते तर तुम्ही नेहमीच म्हणता."

लाकडं रचणाऱ्यांपैकी कुणीतरी ढोलावर थाप मारून बघितली. बॉनेटवर ठेवलेला काकांचा फोन वाजला. त्यांचे हात ग्रीसनं माखलेले होते. सवयीनं तिनंच तो उचलला, बटण दाबलं आणि त्यांच्यासमोर धरला. फोन स्पीकरवर होता.

"काका, विष्णू बोलतोय. उद्या पुढची सीट माझीच ना? का नीलाताईंनी पटकावली?"

"तुझीच रे."

"आणि काकूंना म्हणावं, गुळपोळ्या मोजून ठेवा. मी येतोय."

काका हसले. नीलाला वाटलं होतं त्यांना ओढूनताणून हसावं लागेल. तसं झालं नाही. ते मनापासून हसले, वर्षानुवर्षं हसत आले तसे. "ये, ये. झालं समज." फोन बंद झाला.

"तुम्ही त्याला काही बोलला नाहीत."

"गेलो होतो. पॅड खिशात घालून गेलो होतो. त्यानं स्टूल पुसून दिलं. पाया पडला. पोरीचं बारावीचं सांगत बसला." काकांनी फडक्यानं एकेक बोट पुसलं. "तसाच परत आलो."

"आणि बाकीच्यांना? त्यांना तरी सांगायचं."

"काय सांगू? प्रत्येकाच्या दारात जाऊन मीच म्हटलं होतं ना, मी सांगतो म्हणून. आता बदलून टाकले सगळ्यांचे. उद्या प्रत्येक गाडी नीट जाईल. कुणाचं काही बिघडलं?"

"टेम्पो आडवा आला होता, काका. मी तुम्हाला येऊन सांगितलं. मला वाटलं माझं चुकलं. तुम्ही मला तसंच वाटू दिलंत."

काका जमिनीकडे बघत होते.

"बाकी सगळ्यांच्या गाड्या आधी केल्यात. आमची शेवटी का?"

"ते काय..." ते म्हणाले. "दत्तात्रय एखाद दिवशी चाक उघडून बघणाऱ्यातला. चंद्रप्रभाबाईंच्या तोंडाला कोण लागणार. तुम्ही... तुम्ही घरचे."

नीलाच्या मनात एकच गोष्ट येत होती, फराळाचा डबा. डबा आत देताना ते खिडकीशी वाकले होते. पुढचं चाक त्यांच्या गुडघ्यापाशी होतं.

काका हातांवर भार देऊन उठले. गुडघा मोडला तसा आवाज झाला. "हात धुऊन येतो," ते म्हणाले. "मग पिस्टन ढकलू."

ते जिना चढून गेले. नीला सतरंजीवर बसून राहिली. ऊन भिंतीवर चढलं. वरून भोगीच्या भाजीचा, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीचा वास आला. बऱ्याच वेळानं प्रभाकाकू बाल्कनीत आल्या. "नीला, अगं, हे पडलेत जरा. अंगात कणकण आहे म्हणाले. तू पण जेवून घे जा." त्यांना काही माहीत नव्हतं. त्या वाळलेले कपडे गोळा करून आत गेल्या. काकांच्या खोलीची खिडकी कुणीतरी आतून लावली.

संध्याकाळ व्हायला आली. लोहडीवाल्यांपैकी एक सरदारजी येऊन म्हणाले, "बेटा, गाड़ी थोड़ी पीछे कर लो, आग यहीं जलेगी."

"अंकल, पहिया खुला है."

"ओहो. वर्मा साहब कर रहे थे न?" ते काकांना कायम वर्माच म्हणत. "चलो, आ जाएँगे. वो काम अधूरा नहीं छोड़ते."

मग चंद्रप्रभाबाई आल्या, हातात तिळगुळाचा डबा. चाक नसलेली बाजू बघून थबकल्या.

"हे काय? वर्दे कुठायत?"

"वर आहेत. बरं नाहीये."

"बाई गं. आणि उद्या पहाटे निघायचंय." त्यांनी डबा बॉनेटवर ठेवून पर्समधून फोन काढला. "थांब, मी विष्णूला बोलावते. आपलाच माणूस आहे, धावत येईल."

"नको."

"अगं, त्यात काय संकोच? दहा मिनिटांचं काम त्याला." त्या नंबर शोधायला लागल्या.

नीलानं वर बघितलं. खिडकी लावलेलीच होती. ती जरा वेळ बघत राहिली, की पडदा तरी हलेल. हलला नाही. मग तिनं सतरंजीवरून आतला पॅड उचलला, कापलेली बाजू वर केली आणि चंद्रप्रभाबाईंच्या मोकळ्या हातात ठेवला.

त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला. "हे काय आहे?"

पलीकडे ढोल सुरू झाला. डावा कॅलिपर तारेला बांधलेला होता. पिस्टन बाहेरच होता. नव्या पॅडचं खोकं काकांनी बंद करून ठेवलं होतं तिथेच, विटेशेजारी पडलं होतं.